तंटामुक्त समिती सदस्यांसाठी : रविवारच्या बैठकीची सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) आणि एक पांदणीचा (शेतरस्त्याचा) वाद समोर येणार आहे. सदस्यांनी साडेसातलाच यावे. ज्यांचं कोणत्याही पक्षाशी नातं आहे, त्यांनी त्या वादापुरतं बाहेर बसावं.

वावराची गोष्ट निघाली की आवाज चढणारच. तेव्हा हे पाळा:

- एक बोलत असताना दुसऱ्याला थांबवा. त्याचं झालं की त्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगा आणि ‘असंच ना, भाऊ?’ विचारा. बराचसा राग इथेच उतरतो. नुसतं ‘शांत बसा’ म्हटल्यानं कोणी बसत नाही, उलट भडकतो.
- फारच तापलं तर पाणी द्या, दहा मिनिटं थांबा, मग दोघांना वेगवेगळं भेटा.
- पिऊन आलेल्याशी बोलणी नाहीत.
- हात उगारला तर बैठक बंद, ११२ ला फोन.
- ‘औषध घेतो’ (म्हणजे विष पितो) असं कोणी रागात म्हटलं तरी हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा.

हद्द आपण ठरवायची नाही. ती भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी ठरवेल. पांदणीचं जमलं नाही तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, हे दोघांनाही सांगा.

समझोता झाला तर मोठ्यानं वाचून दाखवून मगच सह्या. बैठकीचा व्हिडिओ कोणीही काढू नये.