घड्याळ पळवा, प्रशिक्षकाला घरी बसवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या शालेय फुटबॉलमध्ये (आपला पायाने खेळायचा नव्हे, लांबट चेंडू छातीशी धरून धावायचा तो) दुबळ्या संघावर गुणांचा डोंगर रचू नये म्हणून नियम आहेत. हे ऐकले की आपल्याकडे ‘मुलांचे एवढे कसले लाड?’ असे तरी म्हटले जाते, नाहीतर ‘आपल्याकडेही असे काहीतरी हवे’ असे. पण तिथे असा एकच नियम नाही. काही राज्यांत गुणांतर वाढले की घड्याळ पळवतात. काही ठिकाणी जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला जाब विचारतात किंवा घरी बसवतात. या दोन्हींची गल्लत केली तर आपण नेमके चुकीचे ते उचलू, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

आधी हिशेब. एका टचडाऊनचे (चेंडू घेऊन समोरच्याची गोलरेषा ओलांडण्याचे) ६ गुण, त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला तर १, आणि तो न मारता पुन्हा धावून किंवा पास देऊन रेषा ओलांडली तर २. म्हणजे ३५ गुणांची आघाडी हे साधारण पाच टचडाऊनचे काम. शालेय सामना १२ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, पण घड्याळावरची ही ४८ मिनिटे संपायला दोन तासांहून जास्त लागतात. पास खाली पडला, खेळाडू रेषेबाहेर गेला, दंड झाला, नवा ‘फर्स्ट डाऊन’ (दहा यार्ड पुढे सरकून मिळणारी नव्या चार प्रयत्नांची संधी) मिळाला की घड्याळ थांबते. दुबळ्या संघाचे हाल याच थांब्यांमुळे लांबतात. हरणारा संघ पिछाडी भरून काढायला पास फेकतो, पास खाली पडतो, घड्याळ थांबते आणि समोरच्याला आणखी वेळ मिळतो.

‘रनिंग क्लॉक’ नेमके तिथेच लागू पडते. ओहायोत २०१४ पासून नियम आहे की उत्तरार्धात गुणांतर ३० झाले की घड्याळ सलग चालू ठेवायचे. संघाने टाइमआउट घेतला, पंचांनी स्वतः खेळ थांबवला, दुखापत झाली किंवा गुण झाला तरच ते थांबते. गुणांतर ३० च्या खाली आले तर पुन्हा नेहमीसारखे. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, आयोवा इथे हाच आकडा ३५ आहे. आकड्यावरून राज्याराज्यांत वाद असतात, पण पाच गुणांनी फार बिघडत नाही. खरा फरक पडतो तो थांबे गेल्याने. दोन खेळींमधल्या तयारीसाठी ४० सेकंद असतात. जिंकणाऱ्या संघाने ती पुरेपूर वापरली आणि खेळीचे स्वतःचे पाच-सहा सेकंद धरले, तर १२ मिनिटांत जेमतेम सोळा खेळी बसतात. सोळा खेळींत चार-पाच टचडाऊन करायचे म्हटले तरी अवघड.

या नियमाचा मोठा गुण म्हणजे त्यात कुणाच्या हेतूची चौकशी करावी लागत नाही. फलकावर आकडा दिसला, पंचाने घड्याळवाल्याला खूण केली, संपले. राज्य शालेय संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या नियमपुस्तकात, जे बहुतेक राज्ये वापरतात, त्याहून जुनी एक सोय आहे: दोन्ही प्रशिक्षक आणि मुख्य पंच यांचे एकमत झाले तर उरलेला कोणताही क्वार्टर छोटा करता येतो, सामना तिथेच संपवताही येतो. ही सोय कमी वापरली जाते. हरणाऱ्या प्रशिक्षकाला स्वतःहून ‘आवरा’ म्हणणे जड जाते आणि जिंकणाऱ्याने सुचवले तर तो उद्धटपणा वाटतो. आकडा पुस्तकातच लिहिलेला असला की हा संकोच उरत नाही.

उणिवाही आहेत. नियम बहुतेक ठिकाणी उत्तरार्धापुरता आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात इंगलवूड शाळेने मॉर्निंगसाइडला १०६-० असे हरवले. पहिल्या क्वार्टरअखेरच फलक ५९-० होता. मध्यंतरानंतरच्या कुठल्याही नियमाचा तिथे काय उपयोग? त्या सामन्यात एकाच क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने) १३ टचडाऊन पास फेकले आणि १०४-० असताना संघाने दोन गुणांचा प्रयत्न केला. टीका झाली ती मुख्यतः त्या शेवटच्या दोन गुणांवर, आणि ती रास्त होती. टचडाऊन कधी कधी थांबवता येत नाही. दोन गुणांचा प्रयत्न मात्र बाकावरून ठरवून करायचा असतो.

दुसरी उणीव दुसऱ्या फळीची. एकतर्फी सामन्याचा उत्तरार्ध हाच राखीव मुलांना मोठ्या मैदानावर खेळायची खरी संधी. घड्याळ पळवले की तीच आधी खर्ची पडते. म्हणून काही हरणारे प्रशिक्षकही या नियमावर खूश नसतात, त्यांच्याही बाकावर नववी-दहावीतली पोरे वाट पाहत असतात. यावर मला फक्त एकच उतारा दिसतो: आघाडी २१-२८ वर पोचली की नियमाची वाट न पाहता दुसऱ्याच क्वार्टरमध्ये बदल सुरू करणे.

आता शिक्षेचा नियम. २००६ मध्ये कनेटिकटने ठरवले की ५० हून अधिक गुणांनी जिंकणाऱ्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला पुढच्या सामन्याला बंदी; पुढे हा नियम काढून टाकला. कागदावर छान होता. मैदानात मात्र त्यामुळे वेडगळ गणिते सुरू होत. समजा फलक ४९-० आहे आणि समोरच्याच्या हातून चेंडू सुटून तुमच्या राखीव मुलाच्या पायाशी आला. त्याने तो उचलून धावायचे की त्यावर आडवे पडायचे? धावला तर त्याचे सर पुढच्या शुक्रवारी घरी. शिवाय ५१-० वर असलेल्या संघाने आपल्याच गोलक्षेत्रात चेंडू घेऊन गुडघा टेकला तर प्रतिस्पर्ध्याला ‘सेफ्टी’चे २ गुण मिळतात आणि फरक ४९ होतो. हरणाऱ्या मुलांच्या पदरात असे दोन गुण टाकणे हा पन्नास गुणांनी हरण्याहून मोठा अपमान आहे, पण नियमाच्या भाषेत ती सभ्यता ठरते!

न्यूयॉर्कच्या नॅसॉ काउंटीत हाच मार्ग जरा मवाळपणे घेतला: ४२ हून अधिक गुणांनी जिंकलात तर समितीपुढे स्पष्टीकरण द्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लेनएजने साऊथ साइडला ६१-१३ ने हरवले, चौथ्या क्वार्टरमध्येही पहिली फळी मैदानात होती, आणि प्रशिक्षकावर एका सामन्याची बंदी आली. तिथले प्रशिक्षक असा नियम असताना मुख्य मुलांना उशिरापर्यंत का ठेवतात हा प्रश्न योग्यच. पण समितीला सामन्यानंतर कागदावरून ठरवावे लागते की कुठल्या मिनिटाला सामना ‘संपला’ होता, आणि ते कुणालाच नीट ठरवता येत नाही.

यापेक्षाही वाईट वाट म्हणजे तक्रार. ऑक्टोबर २०१३ मध्ये टेक्सासात अलेडो शाळेने फोर्ट वर्थच्या वेस्टर्न हिल्सला ९१-० ने हरवले. एका पालकाने अलेडोच्या प्रशिक्षकांविरुद्ध दादागिरीची लेखी तक्रार केली; स्थानिक शाळा प्रशासनाच्या चौकशीत ती निराधार ठरली. त्या सामन्यात राखीव मुले खेळवली होती आणि तिसऱ्या क्वार्टरपासून घड्याळ सलग चालवले होते. तरी ९१. दोन्ही शाळा एकाच गटात होत्या, म्हणजे सामना टाळण्याची सोयच नव्हती. गट कुणी पाडले, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला.

चांगले प्रशिक्षक काय करतात ते सांगण्यासारखे आहे, कारण त्याला कुठला नियम लागत नाही. दूरचे पास बंद, चेंडू मैदानाच्या मधूनच धावून न्यायचा, खेळाडू रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. ४० सेकंदांतले शेवटचे तीन-चार उरले की मगच चेंडू उचलायचा. समोरून पंट (लाथेने दूर मारून दिलेला चेंडू) आली तर ‘फेअर कॅच’चा हात वर करायचा, परतीची धाव नाही. बचावात क्वार्टरबॅकवर जादा माणसे सोडायची नाहीत. छोटी ‘ऑनसाइड किक’ (चेंडू पुन्हा आपणच पकडायला मारलेली) तर विचारायलाच नको. आणि स्वतःचे टाइमआउट खिशात ठेवायचे. घड्याळ पळत असताना चाळीस गुणांनी पुढे असलेल्याने टाइमआउट मागणे यासारखे कोडगेपण नाही.

पण याच यादीत लोक एक चुकीची ओळ घालतात: ‘मुलांना सांगा, गुण करू नका.’ राखीव पोरगा आठवडाभर सराव करून आलेला असतो. त्याला जोरात धावू नको म्हटले तर तो अर्धवट वेगाने धडकतो, आणि या खेळात अर्धवट वेगाने टक्कर घेणारा जायबंदी होऊ शकतो. राखीव क्वार्टरबॅकने चौथ्या क्वार्टरमध्ये दोन-तीन छोटे पास फेकले म्हणून गहजब करू नये. तोही शिकायलाच उतरलाय.

टेक्सासातल्या खेडेगावच्या शाळांनी तर विषय मुळातूनच सोडवला आहे. जेमतेम शंभर विद्यार्थ्यांच्या शाळा तिथे सहा-सहा जणांचे फुटबॉल खेळतात, ८० यार्डांच्या मैदानावर. मध्यंतराला किंवा त्यानंतर केव्हाही फरक ४५ झाला की सामना तिथेच संपतो. संघात बारा-पंधरा पोरे, त्यात दुसरी फळी आणायची कुठून? थकलेल्यालाच पुन्हा उतरवावे लागते. कुणाची मने दुखावू नयेत म्हणून नव्हे, दुखापती टळाव्यात म्हणून हा नियम.

असे विषम जोडीचे सामने ठरवणाऱ्यांना मात्र कुणीच हात लावत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मी राहतो त्या ओहायोतल्या कोलंबसच्या ‘बिशप सिकॅमोर’ नावाच्या संघाला दूरचित्रवाणीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीपुढे (खेळाडू घडवणारी निवासी शाळा) उभे केले. निकाल ५८-०. ही मुले त्याच आठवड्याच्या शेवटी दुसऱ्यांदा खेळत होती, आणि पुढे शिक्षण खात्याच्या चौकशीत ती शाळाच नावापुरती निघाली. तिथे कुठले घड्याळ पुरणार होते?

हे सगळे आपल्या वाचकांसाठी लिहायचे कारण असे की आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती थांबवतात, आणि त्याला कुणी लाड म्हणत नाही. खो-खोत ‘एक डाव राखून’ जिंकलेल्या संघाला पुन्हा आक्रमण करावेच लागत नाही. उरते शालेय क्रिकेट.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ आधी ३१ आणि नंतर ५२ धावांत बाद झाला. प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ धावांचे कौतुक झाले, व्हायलाच हवे. पण आघाडी हजाराच्या पुढे गेल्यावर डाव सोडायला लावणारे एकही कलम नव्हते. नोव्हेंबर २०१९ च्या हॅरिस शील्ड सामन्यात तर उलटेच. एका संघाने ३९ षटकांत ६०५ धावा केल्या. समोरच्या शाळेची, तिचे नाव मुद्दाम देत नाही, ४५ षटके तीन तासांत पूर्ण झाली नाहीत म्हणून वर १५६ धावांचा दंड पडला आणि धावसंख्या ७६१ झाली. हिशेबाने षटकामागे २६. मग ती शाळा ७ धावांत बाद, सर्व फलंदाज शून्यावर. षटके उशिरा का पडली? चेंडू सारखा सीमेबाहेर जात असला की तो आणायला वेळ लागणारच. म्हणजे जो मार खातोय त्यालाच आमचा नियम आणखी मार देतो.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांकडे मागणी अशी. धावसंख्या ३०० च्या पुढे गेली की षटकांच्या दिरंगाईचा दंड आपोआप रद्द व्हावा. दोन दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावाची आघाडी ५०० झाली की पंचांनी डाव बंद करावा, कर्णधाराच्या मर्जीवर सोडू नये. आणि पहिल्या दोन फेऱ्यांत मागच्या वर्षीच्या उपांत्य फेरीतले संघ नवख्या शाळांसमोर आणू नयेत. असे कलम असते तर १००९ झाले नसते, हे खरे. ते मान्य करूनच ही मागणी करतो आहे.

आपला,
एक वाचक, कोलंबस, ओहायो