पॉड 'रनिंग', पण ब्राउझर कोरा

संपादक महोदय,

कुबरनेटीस (कंटेनरमधली ॲप्स चालवणारी प्रणाली) शिकवणारे मराठी लेख बहुतेक वेळा पॉड, म्हणजे ॲपचा कंटेनर चालवणारा तिथला सर्वांत लहान घटक, 'रनिंग' दिसला की आटोपतात. आपल्याच लॅपटॉपवरचं ॲप ब्राउझरमध्ये उघडत का नाही, ही नवख्याची अडचण तर तिथून पुढे सुरू होते. 'पोर्ट-फॉरवर्ड (लॅपटॉपचा पोर्ट पॉडशी जोडणारा आदेश) चालवा' एवढंच उत्तर मिळतं. ते अपुरं आहे आणि एका ठिकाणी चक्क चकवतं.

सर्व्हिस म्हणजे पॉड्सपर्यंत पोचायचा कायमचा पत्ता. तिचा प्रकार लिहिला नाही तर ती क्लस्टरआयपी होते. तो पत्ता क्लस्टरच्या, म्हणजे पॉड चालवणाऱ्या यंत्रांच्या (नोडच्या) समूहाच्या, आतच चालतो. नोडपोर्ट केली तर ३०००० ते ३२७६७ यांतला एक पोर्ट नोडवर उघडतो. पण लॅपटॉपवरच क्लस्टर उभारणाऱ्या 'काइंड' या साधनात नोड हाच मुळी डॉकरचा कंटेनर. पोर्ट उघडला तो त्या कंटेनरवर, लॅपटॉपवर नव्हे. म्हणून लोकलहोस्टवर ३००८० टाकून काही दिसत नाही. लिनक्सवर नोडचा आयपी थेट टाकला की काम भागतं. मॅक-विंडोजवर मात्र डॉकर डेस्कटॉप मधे एक व्हर्च्युअल मशीन चालवतो, त्यामुळे तो आयपीही हाती लागत नाही. लिनक्सवाल्याचा धडा मॅकवर फसतो तो इथेच.

'काइंड'साठी खरा उपाय क्लस्टर उभारतानाच करायचा. कॉन्फिग फाइलमध्ये नोडखाली 'एक्स्ट्रापोर्टमॅपिंग्ज' लिहून कंटेनरपोर्ट ३००८०, होस्टपोर्ट ८०८० द्यावा आणि सर्व्हिसमध्ये नोडपोर्ट ३००८० हाच पक्का करावा. मग लोकलहोस्टवर ८०८० उघडतो. चालू कंटेनरला डॉकर नवा पोर्ट जोडत नाही, त्यामुळे हे नंतर आठवलं तर क्लस्टर पाडून पुन्हा उभारावा लागतो. त्याच मॅपिंगमध्ये लिसनॲड्रेस १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हाच लॅपटॉप) ठेवायला विसरू नये. नाहीतर कॉलेजच्या वायफायवर शेजारच्या बाकावरूनही तुमचं ॲप उघडू शकतं.

'मिनीक्यूब' या तशाच दुसऱ्या साधनात 'सर्व्हिस' हा आदेश यूआरएल देतो. मॅक-विंडोजवर डॉकर ड्रायव्हर असेल तर ते टर्मिनल बंद करू नये, केलं की वाट बंद. लोडबॅलन्सर प्रकारच्या सर्व्हिसचा बाहेरचा आयपी 'पेंडिंग'वर अडकतो, कारण तो देणारा क्लाउड इथे नसतोच; त्यासाठी वेगळ्या टर्मिनलमध्ये 'मिनीक्यूब टनेल' चालू ठेवावं.

आता पोर्ट-फॉरवर्डचा चकवा. सर्व्हिसचं नाव दिलं तरी तो त्यातला एकच पॉड धरतो; तो पॉड गेला की जोडणी तुटते. शिवाय पोर्ट-फॉरवर्ड पॉडच्या आतल्या लोकलहोस्टशी बोलतो. ॲप फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर पोर्ट-फॉरवर्डने सगळं छान दिसतं आणि नोडपोर्टवरून जोडणी नाकारली जाते. विद्यार्थी मग सर्व्हिसची मांडणी लिहिलेली यामल फाइल खरवडत बसतो. दोष ॲपमध्ये असतो. ॲप ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला लावलं की प्रश्न मिटतो.

तरीही उघडेना तर सर्व्हिसचे एंडपॉइंट्स, म्हणजे ती ज्या पॉड्सकडे विनंत्या पाठवते त्यांचे पत्ते, पाहावेत. यादी रिकामी म्हणजे बहुधा सर्व्हिसचा सिलेक्टर (पॉड निवडायची अट) आणि पॉडचं लेबल जुळत नाही: एकीकडे 'वेब', दुसरीकडे 'वेब-ॲप', एवढ्यावरही अडतं. यादी भरलेली असेल तर टार्गेटपोर्ट तपासावा. तो ॲपचा पोर्ट असतो, सर्व्हिसचा नव्हे.

आणि मॅकवर होस्टपोर्ट म्हणून ५००० घेऊ नये. मॅकओएस मॉन्टेरेपासून तो एअरप्ले रिसीव्हरने अडवलेला असतो.

आपला,
एक वाचक, पुणे