अजिंठ्याच्या डोलीवाल्या दादांना

दादांनो, नमस्कार.

तुम्हा चौघांची नावं विचारायची राहिली, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. फर्दापूर, सोयगाव, लेणापूर भागातल्या कुणाच्या वाचनात आलं, तर लेण्यांच्या पायथ्याशी डोल्या घेऊन बसणाऱ्यांना एवढं जरूर वाचून दाखवा.

डिसेंबर २०२० मधली गोष्ट आहे. १७ मार्चपासून बंद असलेली लेणी १० डिसेंबरला उघडली, त्यानंतरच्या आठवड्यातली. भुसावळहून जामनेर–पहूरमार्गे आम्ही आलो होतो, मी आणि माझे बाबा. पांढरी टोपी, खांद्याला शबनम, हातात काठी. बाबांनी भुसावळच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. दरवर्षी मुलांना अजिंठ्याला न्यायचे, आणि त्याच्या आदल्या दिवशी गावातल्याच रॉबर्ट गिलच्या कबरीवर. या माणसाने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या, हे सांगताना बाबांचा आवाज दरवेळी बसायचा. ‘नक्कल जळाली, मूळ आपल्याजवळ आहे. जाऊन बघा,’ असं ते मुलांना म्हणत.

त्या सप्टेंबरात बाबांना कोरोना झाला. चौदा दिवस दवाखान्यात होते. घरी आले ते अर्धे होऊन. चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. बरे झाल्यावरही लोक त्यांच्यापासून लांब उभे राहत. जवळचे नातेवाईक दारातूनच विचारपूस करून जात. आणि मीही बरेच दिवस त्यांचं ताट टेबलावर ठेवून मागे सरत होते. हे लिहिताना आजही जड जातं.

अशात त्यांनी पेपरात लेणी उघडल्याची बातमी वाचली आणि म्हणाले, ‘पद्मपाणी बघून येऊ.’ म्हणजे एक नंबरच्या लेण्यातलं, हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र.

टी-पॉइंटवर, म्हणजे लेण्यांच्या अलीकडच्या वाहनतळावर, गाडी लावून आम्ही एसटीने वर आलो. निम्मी दुकानं बंदच होती. तिकीट मोबाइलवरूनच काढायचं होतं आणि माझ्या फोनला रेंज मिळेना. तुमच्यातल्या सगळ्यात तरुण दादांनी स्वतःच्या फोनवरून तिकिटं काढून दिली. वरचे पैसे घेतले नाहीत. नऊ महिने तुमच्या डोल्या जागेवर पडून होत्या, हे मला नंतर बोलता बोलता कळलं. कुणी कापूस वेचायला गेलं होतं, कुणी मक्याच्या कामावर. तरीही भावात घासाघीस नाही की घाई नाही.

डोलीच्या खुर्चीत बसायला बाबा तयार होईनात. माणसाच्या खांद्यावरून जायचं त्यांना पटत नव्हतं. शिवाय ते तुम्हाला म्हणाले, ‘मला करोना होऊन गेलाय, बघा बुवा.’ तेव्हा तुमच्यातले मिशीवाले दादा (मिशी मास्कच्या बाजूने डोकावत होती म्हणून कळली) पुढे आले, बाबांचा हात आपल्या गळ्याभोवती टाकून घेतला आणि म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही बसा. आम्ही हाये ना.’ तीन महिन्यांत बाबांना घराबाहेरच्या कुणी हात लावल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

एक नंबरच्या लेण्याशी तुम्ही डोली टेकवलीत. चपला काढून दोघांनी त्यांना धरून आत नेलंत. आम्ही लगेच डावीकडच्या भिंतीकडे निघालो, तर तुम्ही थांबवलंत. ‘उन्हातून आलोय, आत्ता काही दिसायचं नाही. डोळे मिटून घ्या दोन मिनिटं.’ बाबांनी मिटले. मीही मिटले. एरवी सहलींच्या दिवसांत तिथे किती कलकलाट असतो! त्या दिवशी आतमध्ये आम्ही मोजून सहा-सात माणसं होतो. डोळे उघडले तेव्हा आधी मुकुट दिसला, मग हळूहळू ते झुकलेले डोळे, मग बोटांतलं निळं कमळ. भाताचं तूस मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर दीड हजार वर्षांपूर्वी काढलेलं चित्र, आणि बाबा त्याच्यासमोर हात जोडून उभे होते. बाबा देवळातसुद्धा क्वचित हात जोडतात.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत. पुढे सोळा-सतरा नंबरपर्यंत नेलंत, सव्वीस नंबरचा निजलेला बुद्धही दाखवलात. परतताना वळणावर बाबांनी वाघूर नदी बघायला थांबा म्हटलं, तर खुर्ची दरीच्या बाजूला वळवून ठेवलीत.

पुढे २०२१ मध्ये लेणी पुन्हा बंद झाली, जूनमध्ये पुन्हा उघडली. त्या वेळी तुमचं कसं चाललं असेल, हा विचार अनेकदा आला. आणि आला तेव्हाच लिहायला हवं होतं. उशीर झाला, माफ करा.

आज निमित्त वेगळं आहे. बाबांचं कपाट आवरताना त्या दिवशीची वही सापडली. मला वाटलं, पद्मपाणीचं रेखाटन असेल. ते नव्हतं. पानभर तुम्ही चौघे होता. वाकलेले खांदे, दांड्यावरची बोटं, पायरीवर तिरकं पडलेलं पाऊल, सगळं नीट काढलेलं. चेहरे मात्र डोळ्यांपर्यंतच. खालची जागा कोरी. मी विचारलं, तर म्हणाले, ‘मास्क होते ना. न पाहिलेलं कसं काढणार?’

त्यांचा हात आता थरथरतो, पण पेन्सिल धरतात. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी आम्ही येतो आहोत, वही घेऊन. पायथ्याशी दहा मिनिटं आमच्यासमोर बसाल ना?

तुमची,
भुसावळच्या ड्रॉइंगच्या गुरुजींची मुलगी