बंदरावर पायी फिरायला उतरणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

उद्या आपलं क्रूझ जहाज बंदराला लागल्यावर ज्यांना शहर पायी बघायचं आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. मोबाइल किनाऱ्यावर आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि दोन्हींत कधीकधी तासाचा फरक पडतो. गल्लत होते ती इथेच. शिवाय परतायची वेळ म्हणजे जहाज सुटायची वेळ नव्हे. ती बहुधा अर्धा तास तरी आधीची असते. आपापलं फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबून राहत नाही, हे कृपया मनावर घ्या.

जहाजाचं कार्ड आणि ओळखपत्र सोबत हवंच. जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. मालाच्या धक्क्यावर पायी चालू देत नाहीत, तिथे गेटपर्यंत शटल बस घ्यावी लागते. तो वेळ धरा.

जुनं शहर चढावर असेल तर माझं ऐका: सकाळच्या गारव्यात आधी वरपर्यंत चढा आणि मग गल्ल्यागल्ल्यांतून रमतगमत उतरा. दमलेले पाय उताराने धक्क्याकडे येतात आणि घरांच्या फटीतून जहाजाचं धुराडं अधूनमधून दिसत राहतं, त्यामुळे वाट चुकत नाही. गुळगुळीत झालेल्या दगडी फरशीवर चपला नकोत, बूट घाला.

एकटे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ग्रुपवर कळवावं.