तिचे सकाळचे दोन तास

विश्रामबाग, सांगली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, तिची कादंबरी कुठं पळून जातेय? पोरगी शाळेत जायला लागली की लिहील निवांत." तेव्हा मी विषय वाढवला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मिरजेला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सूनबाई इथं राहिली होती. डोळ्यांत थेंब घालायचे आणि मधल्या वेळात वहीत लिहायचं, असं तिचं चाललेलं. मला वाचायची बंदी, म्हणून मीच म्हटलं, वाचून दाखव. तिच्या कादंबरीतली ती ऊसतोडीच्या टोळीतली म्हातारी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सासरा म्हणून कौतुक करत नाही रे. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, पोरीच्या हातात खरी गोष्ट आहे.

शार्लट ब्राँटे या इंग्रज बाईनंही असंच लिहिलं. १८४६ च्या ऑगस्टमध्ये वडिलांच्या मोतीबिंदूसाठी ती त्यांना घेऊन मँचेस्टरला गेली. तेव्हा भूल नव्हती, आणि ऑपरेशननंतर रोग्यानं कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. तिची पहिली कादंबरी प्रकाशकांकडून साभार परत येत होती. अशात वडिलांची शुश्रूषा करता करता तिनं 'जेन एअर' लिहायला घेतली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८४७ मध्ये, ती पुरुषी वाटेल अशा टोपणनावानं छापून आली आणि गाजली. वडिलांना मात्र पत्ताच नव्हता. तिनं नंतर पुस्तक हातात ठेवलं, तेव्हा चहाच्या वेळी त्यांनी धाकट्या मुलींना सांगितलं, शार्लटनं पुस्तक लिहिलंय आणि वाटलं होतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे! हे वाचलं की बाप म्हणून मला गलबलून येतं. एका छपराखाली तिघी लेकी लिहीत होत्या आणि बापाला कळलं ते छापून आल्यावर.

त्याआधी सुमारे दहा वर्षं, १८३६ च्या अखेरीस, तिनं आपल्या कविता इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट सदी यांना पाठवल्या होत्या. उत्तर आलं की साहित्य हा बाईच्या आयुष्याचा उद्योग होऊ शकत नाही, आणि होऊही नये. सदी दुष्ट नव्हते. पत्र तसं मायेनंच लिहिलं होतं. तुझं "लिहील की निवांत" हेही मायेतलंच आहे, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते.

आणि हे काही विलायतेचंच नाही. आपल्या इथून आष्टा किती लांब आहे? त्या आष्ट्यात १८६१ साली काशीबाई जन्मली, बापटांची लेक. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता. नवव्या वर्षी लग्न होऊन ती कानिटकरांची झाली. अक्षरओळख यथातथाच. नवरा गोविंदराव शिकलेला, कवी. त्याला अडाणी बायको नको, असं तिच्या कानावर पडलं आणि तिनं अभ्यासाचा ध्यास घेतला, तोही घरातल्या मोठ्यांची नजर चुकवून. पुढं गोविंदरावांनी तिला मनापासून साथ दिली. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा स्त्रियांच्या परवशतेवरचा ग्रंथ त्यांनीच मराठीत आणला. हरिभाऊ आपट्यांसारखा माणूस काशीबाईंशी लिखाणाबद्दल बरोबरीनं बोलायचा. गोविंदरावांचं श्रेय मी नाकारत नाही. तरी नवऱ्याला आपण आवडणार नाही या धास्तीनं पोरीनं पुस्तक हाती धरावं, ही सुरुवात मला आजही बोचते.

काशीबाईंची 'रंगराव' ही कादंबरी मासिकातून क्रमशः येऊ लागली ती एकोणिसाव्या शतकातच. पुस्तक झालं १९०३ मध्ये. मध्ये संसार, नवऱ्याच्या बदल्या, मुलंबाळं. डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. 'पालखीचा गोंडा' आली १९२८ मध्ये, म्हणजे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती आला तर ती काय काय करील, याचं स्वप्न आहे त्यात. सांगली, मिरज, औंध, फलटण अशा संस्थानांच्या मुलखात जन्मलेल्या बाईला हे सुचावं, यात मला फार अर्थ दिसतो.

तू म्हणशील, बघा, थांबूनही झालंच की. पण काशीबाई सत्याऐंशी वर्षं जगल्या. अहमदनगरची कृपाबाई सत्यनाथन बत्तिसाव्या वर्षी गेली, १८९४ मध्ये. मद्रासला डॉक्टरी शिकायला गेली होती, तब्येतीनं शिक्षण सोडायला लावलं. तरी पुढं तिनं इंग्रजीत 'सगुणा' आणि 'कमला' या कादंबऱ्या लिहिल्या, 'कमला' तर शेवटच्या आजारपणात. "नंतर लिहीन" म्हणाली असती तर आज तिचं नावही उरलं नसतं. शार्लटची बहीण एमिली तिसाव्या वर्षी गेली, एकच कादंबरी मागं ठेवून.

यातून मिळतं काय, हा तुझा दुसरा प्रश्न. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेला 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीचे ११० पौंड मिळाले, तेही सगळे हक्क विकून. तिच्या वडिलांनी त्या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याबद्दल १७९७ मध्ये स्वतः एका प्रकाशकाला पत्र लिहिलं होतं. प्रकाशकानं तो मागवलासुद्धा नाही. पुस्तक निघालं १८१३ मध्ये, वडील जाऊन आठ वर्षं झाल्यावर. त्यांनी ते पत्र लिहिलं तेव्हा पैशाचा हिशेब मांडला असेल असं मला वाटत नाही.

जॉर्ज एलियट या पुरुषी नावानं कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज मेरियन इव्हान्सचा जोडीदार तिच्यावरची वाईट परीक्षणं तिच्या नजरेला पडू देत नसे. तू एवढं कर, असं मी म्हणत नाही. सकाळी सहा ते आठ घर तू सांभाळ. पोरीचं उठणं, दूध, तुझा डबा, सगळं तुझ्याकडे. त्या वेळात सूनबाईला कोणी हाक मारायची नाही.

पुढच्या महिन्यात तुझी आई आणि मी कोयना एक्स्प्रेसनं पुण्याला येतोय. आम्ही असेपर्यंत नात आमच्याकडे, पण डब्याची सवय तू आजपासूनच लाव. सूनबाईला सांग, पुढची प्रकरणं ऐकायची आहेत. डोळा आता बरा आहे, तरी मला तिच्याच तोंडून ऐकायची आहेत. भडंग किती आणू ते कळव.

तुझा,
बाबा