भांडणाचं उरलेलं

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

गणपतीत जेवताना तुम्ही विचारलंत, "एकीकरण समितीच्या घरात जन्मून तू सीमाप्रश्नावर गप्प कसा?" मी भाकरी मोडत बसलो. आई आमटी वाढायला आली म्हणून सुटलो. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितोय.

पुण्यात काहीबाही वाचून मी बिघडलो असं तुम्हाला वाटतं. लिबर्टेरियन, म्हणजे सरकारनं माणसाच्या व्यवहारात कमीत कमी पडावं म्हणणारा, हा शब्द पुण्यात कळला, हे खरं. पण खोड आपल्या निपाणीची. आज्जा सांगायचा ना, तंबाखू आपली, राबणं आपलं, पण अबकारीच्या परवान्याशिवाय ती हलवायची सोय नव्हती. साहेब येणार म्हटलं की आज्जी आधी चहाचं आधण ठेवायची. ते आधण काही माझ्या डोक्यातनं जात नाही.

मग १९८१. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले, तंबाखूच्या भावासाठी मार्च-एप्रिलात तुम्ही सगळे हायवेवर बसलात, गोळीबार झाला. तुम्ही सांगता सांगता दरवेळी आज्जाच्या चपलेपाशी थांबता. एक सापडली, एक नाही. "भीक नको, हवे घामाचे दाम" मी बाराखडीच्या आधी शिकलो, तुमच्याकडून. त्याच जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला, सरकारनं शेतकऱ्याच्या वाटेतनं बाजूला व्हावं म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांना सोडलंत. मी त्यांना तिथनं पुढं धरलं.

तुम्ही म्हणाल, वखारवाल्यानं मूठभर तंबाखू हुंगून भाव पाडला, तो काय सरकार होता? नव्हता. याचं पुरतं उत्तर माझ्याकडं नाही. एवढं दिसतं की त्याच्याशी भांडायला तुम्ही आपणहून एकत्र आलात, आणि गोळी काही वखारवाल्यानं घातली नाही.

आता बोर्डाचं. २०२४ साली कर्नाटकात कायदा आला, पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला. तुम्ही स्टुलावर चढून दुकानाचा बोर्ड स्वतः उतरवलात, गंजलेले स्क्रू खिशात घातलेत आणि दोन दिवस दुकान उघडलं नाहीत. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. पण त्याच्या आधीच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं इथं महाराष्ट्रातल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिने दिले होते. आमच्या ऑफिसखालचा उडुपीवाला असाच स्टुलावर चढून अक्षरं बदलत होता. खाली उभे राहून आम्ही फोटो काढले. मीही काढला, बाबा. तुमचं कळल्यावर तो पुसला.

बेळगाव कुणाचं, हा दावा २००४ पासून कोर्टात आहे. आपल्या बाजूनं लागला तर मीही पेढे वाटीन. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या कन्नड मास्तरांच्या दारात मराठीचा फतवा घेऊन कुणी गेलं, तर मी मास्तरांच्या ओट्यावर बसणार. तुम्हीही बसाल. मास्तरांशिवाय तुमचा पत्त्यांचा डाव होत नाही.

१ नोव्हेंबरला येतोय. सीमाभागाच्या काळ्या दिनाच्या फेरीत तुमच्याबरोबर चालेन. घोषणा सगळ्या देणार नाही, तेवढं चालवून घ्या.

आई, उन्हाळ्यात तू त्या जुन्या बोर्डावर सांडगे घातलेस म्हणे. अक्षरांवर नको घालूस, मागच्या बाजूनं घाल. मला तो इकडं आणायचाय.

तुमचा,
धाकटा