शरणपूर आणि दहापैकी चार

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला नाशिकच्या रस्त्यांवरचा लेख चहा गार होईपर्यंत वाचला. शरणपूर रोडच्या वाट्याला चार ओळी, त्यातल्या दोन हॉटेलांवर. उरलेल्या दोनांत ‘मिशनऱ्यांनी गोरगरिबांना आसरा दिला’. कुठले गोरगरीब? पूर्व आफ्रिकेतून पळवलेली, गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवून मुंबईत उतरवलेली पोरं! सोडवली खरी, पण सांभाळायची कुणी? त्यातली बरीच शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली, सुतारकी-लोहारकी शिकली. इथलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला.

हे मला पाठ असायचं कारण घरगुती आहे. गेल्या वर्षी नातीने शाळेच्या परिसर-प्रकल्पात हेच लिहिलं, अर्थात माझ्या सांगण्यावरून. बाईंनी लाल शाईत शेरा मारला: ‘आफ्रिका? विषय नाशिक आहे.’ दहापैकी चार. मी शाळेत गेलो. अर्धा तास बाकावर बसवून ‘आजोबा, पुस्तकात नाहीये हो’ एवढंच ऐकवलं. काल तुमचा लेख वाचून नात म्हणते, ‘बघा, पेपरातही नाही.’ म्हणजे आता थापाड्या मीच.

आणि ‘आसरा’ हा शब्दही जरा जपून वापरावा. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली. सुटलेल्यांना छदाम नाही. इथे या पोरांना हातात रंधा आणि पुढे साहेबी आडनाव मिळालं. हाताशी आल्यावर १८७४-७५ च्या सुमारास त्यातल्या बऱ्याच जणांची रवानगी मोंबासाजवळच्या फ्रियरटाऊनला झाली, तिथे नव्याने सुटून आलेल्यांची वस्ती उभी करायला. फ्रियर म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर, ते तुमच्या लेखकाला ठाऊक असतीलच. मिशनने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. पण दोन ओळींत हात जोडून मोकळं होण्याइतकं ते सोपंही नव्हतं.

दुरुस्ती छापावी. पानाच्या तळाशी, निविदांच्या शेजारी नको. नातीला कात्रण शाळेत न्यायचं आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नाशिक

ता. क. शब्दकोड्याची उत्तरं उलटी छापता ते ठीक, पण मुंगीच्या अक्षरात कशाला? आमच्या वयाचेच लोक ते सोडवतात.